किल्ल्यांच्या जुडग्यातली कडी

घरात मला सीआयडी म्हणतात. त्यामुळे माझी नणंद मेधा "वहिनी, रविवारी शिवडीला चल, परदेशातून पक्षी आलेत" म्हणाली, तेव्हा मी आधी विचारलं, "परदेशातून आले हे तुला कुणी सांगितलं?"

"काहींच्या पायात नंबरची कडी घालून सोडतात गं. ती दुसरीकडे कुणाला दिसली आणि त्याने कळवलं, की समजतं पक्षी कुठून निघाला, वाटेत कुठे उतरला. मग त्या जागा वाचवायला हातात काहीतरी पुरावा येतो."

मला पटलं नाही. म्हणूनच गेले.

गिरगावातून सकाळी सातला निघालो. आधी चौपाटीवर दहा मिनिटं थांबलो, कारण हिवाळ्यात तिथे कुरव येतात, पांढरे, लाल चोचीचे. एक गृहस्थ त्यांना शेव उधळत होते. "पुण्य लागतं," म्हणाले. मेधाने त्यांना शांतपणे सांगितलं की तेला-मिठाचं हे खाणं पक्ष्यांना बाधतं. त्यांनी मान डोलावली आणि आम्ही वळल्यावर पुन्हा पुडी उघडली. मी मुद्दाम वळून बघितलंच होतं.

तिथून टॅक्सीने शिवडी. जाणार असाल तर भरतीचं वेळापत्रक बघून जा. पूर्ण ओहोटीला पक्षी लांब चिखलात असतात, दुर्बिणीतूनही नुसते ठिपके दिसतात. पाणी चढू लागलं की ते काठाकडे सरकतात. टोपी आणि पाणी सोबत ठेवा, सावली नाही. चिखलाला वास आहे, तो सोसा. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, दिसलेच, पण मला आवडले ते किनाऱ्यावर लगबगीने चोची खुपसणारे चिमुकले तुतवार. एवढासा जीव समुद्र ओलांडून येतो आणि इथे जेवायला उतरतो, हे बघून मला भरून आलं. लगेच शंकाही आली, की पलीकडे राडारोड्याचा ढीग पडलाय तो कुणी टाकला? मेधा म्हणाली, मागच्या वर्षी नव्हता. मी फोटो काढून ठेवला.

नाश्त्याला काळाचौकीला आलो. नाक्यावरच्या हॉटेलात गर्दी, त्यामुळे टेबल वाटून घ्यावं लागलं. समोर साठीचे एक गृहस्थ मिसळ खात होते. त्यांनी किल्ल्यांचं जुडगं टेबलावर ठेवलं आणि माझा हात पावावरच थांबला. किल्ल्यांमध्ये एक बारकी धातूची कडी होती. तिच्यावर इंग्रजी अक्षरं आणि लांबलचक नंबर.

"ही कुठे मिळाली?" मी विचारलं.

"पक्ष्याच्या पायातली."

"आणि पक्षी?"

"गेला."

"म्हणजे मेला?"

"उडून गेला हो!" त्यांनी चमचा खाली ठेवला. "ताई, तुम्ही पोलिसातल्या का?"

नाव पेडणेकर. लिफ्टचं मेंटेनन्स करतात, म्हणून इमारतींच्या गच्च्यांवर जाणं-येणं. संक्रांतीनंतर भोईवाड्यातल्या एका गच्चीवर पांढरा, लाल चोचीचा पक्षी मांजात अडकला होता. मांजा त्या कडीभोवतीच गच्च आवळला होता. "मला वाटलं कुणीतरी बेडी घातलीय. पाळलेला असेल, पळून आला असेल. म्हटलं, सोडवायचाच तर पुरता सोडवू. पकडीने मांजा तोडला, कडी काढली, दिला सोडून."

मेधाने कपाळाला हात लावला. कडी कशासाठी असते ते तिने त्यांना समजावलं. मी मात्र वेगळंच बघत होते. मेलेल्या पक्ष्याची कडी शोभेला ठेवून कुणी अशी गोष्ट रचू शकतंच की. मी सरळ म्हटलं, "गच्ची दाखवाल?"

"वहिनी!" मेधा कुजबुजली. पण पेडणेकर उठले. त्यांचा चेहरा उतरला होता, ते मला दिसलं, तरी मी गेले.

चौदाव्या मजल्यावरून पूर्वेला शिवडीची खाडी चकाकत होती. डिश अँटेनाला हिरवट मांजाचा गुंता अजून लोंबत होता आणि त्यात एक पांढरं पीस.

"पीस कबुतराचंही असू शकतं," मी म्हणाले.

पेडणेकरांनी मांजाचा गुंता सोडवून खिशात घातला. मग जुडग्यातून कडी काढून माझ्या हातावर ठेवली. "तुम्ही कळवा त्या लोकांना. माझा नंबर घ्या. पण ताई, मेला असं नका लिहू."

संध्याकाळी घरी मेधाने कडी कळवायचा फॉर्म उघडला. नंबर, जागा, तारीख भरून झालं. मग प्रश्न आला, पक्षी कसा होता? मेलेला, जिवंत सोडला, माहीत नाही. माझं बोट अर्थातच 'माहीत नाही'वर गेलं.

मग चष्मा काढून भिंग घेतलं. कडीची दोन्ही टोकं फाकवलेली होती. बाहेरच्या बाजूला पकडीच्या दातांचे बारीक ओरखडे होते, आतून मात्र कडी स्वच्छ, एकही चरा नाही. मेलेल्या पक्ष्याचा पाय तोडला असता, तर कडी अखंड निघाली असती. जुडग्यात अडकवायलाही ती फाकवायची गरज नव्हती, त्यासाठी जुडग्याचीच रिंग उघडतात. पाय आत असतानाच कुणीतरी ती हळूहळू उघडली होती, पायाला धक्का न लावता. मेलेल्या पक्ष्याच्या पायाला कुणी एवढं जपत नाही. मला स्वतःची लाज वाटली. सकाळच्या मिसळीवरून उठवून त्या माणसाला मी चौदा मजले वर नेलं होतं.

'जिवंत सोडला'वर खूण केली आणि पेडणेकरांना फोन लावला.

"जिवंत सोडला, असंच लिहिलंय. आणि माझं चुकलं, पेडणेकर."

"बरं झालं," ते म्हणाले. मग एकदम मालवणीवर आले.

"ताई, पण तो पुढच्या वर्षी परत इलो, तर आता तेका वळाखतले कसे?"

कडी माझ्यासमोर टेबलावर पडली होती. मी म्हटलं, "नाही ओळखता येणार."