रविवारचा लसूण

उजव्या कानाच्या वर रुपयाएवढं टक्कल दिसलं, तेव्हा बायकोनं विचारलं, "हे काय झालं?" मी म्हणालो, "चाई. आपोआप गळतात केस." शब्द तोंडात तयारच होता. आपल्याच हातानं एकेक केस उपटतो, हे आर्णीत बी-बियाण्याचं दुकान चालवणाऱ्या चाळिशीतल्या माणसानं कसं सांगावं?

चाईवर आमच्याकडे लसूण घासतात. तिनं दर रविवारी घासायला घेतला. दोन वर्षं. डोक्याला फोडणीचा वास यायचा, आणि रुपयाची बशी झाली.

शेवटी यवतमाळच्या कातडीच्या डॉक्टरांनी भिंगातून पाहून सरळ सांगितलं, "तुम्ही उपटता. हा आजार आहे." त्यांनी पुण्याच्या एका समुपदेशक बाईंचा नंबर दिला. मग दर मंगळवारी दुपारी खताच्या गोदामात, पोत्याला मोबाईल टेकवून, मी व्हिडिओवर बसू लागलो. घरी सांगितलं, कंपनीची मीटिंग.

पहिल्याच दिवशी ऐटीत म्हणालो, "आता बराच ताबा आहे."

"सर, आत्ता उजवा हात कुठे आहे?"

कुठे होता ते स्क्रीनवर मलाही दिसत होतं.

त्यांनी उपटलेल्या केसांची रोज वहीत नोंद ठेवायला लावली. तीन आठवड्यांनी विचारलं, "रविवार-सोमवारीच इतके का? रविवारी काय असतं?"

"लसूण," मी म्हणालो.

सगळं ऐकून त्या हसल्या नाहीत, हे उपकारच. लसणानं कातडी चुणचुणते, चुणचुणली की हात जातो. खोटं मी पेरलं आणि बायको त्याला इमानानं खत घालत होती. "लसूण थांबवा," त्या म्हणाल्या. "पण त्यासाठी घरी खरं सांगावं लागेल."

रविवारी ती सोललेल्या पाकळ्या घेऊन आली. मी सांगून टाकलं.

"सोताच उपटता? काहून?"

"मलेच समजलं असतं तर त्या बाईले कायले विचारलं असतं?"

"कोन्त्या बाईले?"

मग मीटिंगचंही सांगावं लागलं. ती पाट ओढून समोर बसली. "दाखवा बरं उपटून एक."

बोटांत केस धरला. ती डोळे रोखून बघत होती. ओढताच येईना.

"मंग मले आंधी सांगाले काय झालतं? दोन वर्सं बोटाइची आग होऊन राह्यली माह्या."

त्या रविवारी वहीत शून्य लिहिलं. सोमवारी ती फुलसावंगीला बहिणीकडे गेली होती. सोमवारी नऊ.