अप्पांची साक्ष

नळदुर्गात आमच्या शेजारी तेलाचे दुकान चालवणाऱ्या लिंगायत गृहस्थांना सगळे अप्पा म्हणत. मापातला शेवटचा थेंब निथळेपर्यंत ते गिऱ्हाइकाला सोडत नसत. "घाई कशाची? तुझंच तेल हाय ते." गल्लीतला पहिला पदवीधर म्हणून मला थट्टेने, पण कौतुकाने 'वकीलसाब' म्हणत.

तेव्हा निजामाचा अंमल होता. पोलिसांच्या अमीनाने, म्हणजे फौजदाराने, दोन जवान घेऊन एका विणकराला भर बाजारातून गाडीत कोंबून नेले. पुढे त्याचे प्रेत बोरी नदीत सापडले. कट करून खून केल्याचा खटला तिघांवर उभा राहिला. अप्पांनी विणकराला नेताना दुकानातून पाहिले होते.

अदालतीतली उर्दू समजावून सांगायला त्यांनी मला सोबत नेले. वाटेत त्यांचा गळा मोकळा दिसला. कधीही न उतरवलेले गळ्यातले इष्टलिंग ते घरी ठेवून आले होते. ते अंगावर असताना त्यांना खोटे बोलवले नसते.

"म्या कायबी बघितलं न्हाय," त्यांनी साक्ष दिली. तिघेही सुटले.

बाहेर विणकराची बायको उभी होती. "अप्पा, तुमी तरी खरं बोलायचं व्हतं."

"मला दोन पोरी हायत, माय."

"मलाबी हायत की," ती म्हणाली.