ड्रोनने मारलेला बांध

आमच्याकडे भाताचं शेत पुरुषाचं आणि बांध बाईचा. हे कुठे लिहिलेलं नाही, पण आमच्या जांभूळ गावाच्या बाजूला असंच चालत आलं. भात किती झालं, कुणाला विकलं, ते नवऱ्याने बघायचं. बांधावर तूर, भेंडी, चवळी जे लावेल ते बायकोचं. सासूने मला दिलेल्या गोष्टींत तो बांध तेवढा कामाचा निघाला, बाकी नुसती बोलणीच होती. नवरा गेल्यावरही मीठमसाल्यासाठी मला कुणापुढे हात पसरावा लागला नाही. भाजीची टोपली घेऊन शहरात कात्रपला जायचं, एखाद्या बिल्डिंगखाली बसायचं, दुपारच्या आत रिकामी करून परत.

मुलगा अंबरनाथला कंपनीत आहे. शेत त्याला रविवारी आठवतं. पूर्वी भात बेणायला, म्हणजे त्यातलं तण काढायला, बायका मिळायच्या. आता त्या फ्लॅटमध्ये धुण्याभांड्याला जातात. चिखलात वाकण्यापेक्षा ते बरं, मी त्यांना दोष देत नाही. म्हणून गेल्या वर्षी मुलाने तणनाशक मारायला ड्रोनवाला आणला. घाटावरचा तरुण माणूस, बोलायला गोड. यंत्राला शेत कळावं म्हणून मोबाइल घेऊन कडेने एक फेरी मारावी लागते. त्या रेघेच्या आत ते औषध मारतं. फेरी मुलाने मारली, तीही बांधाच्या बाहेरून, शेजाऱ्याच्या हद्दीला घासून. मी ओट्यावरून बघत होते. वाटलं, ड्रोनवाल्याला जमीन दाखवतोय.

आम्ही चहा पिऊन होईपर्यंत काम उरकलं. मुलगा खूश.

“बघ आये, बायका लावल्या असत्या तर आठवडा गेला असता.”

काही दिवसांत तुरीचे शेंडे वाकडे झाले. भेंडीची पानं पिळल्यासारखी गोळा झाली, मग देठासकट वाळली. भाताला काहीच झालं नाही. ते औषध भाताला सोडतं आणि रुंद पानाचं सगळं मारतं, हे मला तेव्हा कळलं. मुलाला आधीच माहीत होतं. डब्यावरचं त्यानेच वाचलं होतं.

ड्रोनवाल्याला बोलावलं. तो बांधावर उकिडवा बसला आणि वाळलेली तूर हातात घेऊन बघू लागला.

“मावशी, आमच्याकडं बांधावर गवतच असतंय. मला वाटलं, हे बी तणच. रेघ तर तुमच्या मुलानं दिलती.”

मी मुलाला विचारलं, “बांध धरून कशाला फिरलास?”

“मग काय शेजाऱ्याला सोडून देऊ? बांध आपला नाय का?”

“आपला नाही. माझा.”

दोघे हसले. ड्रोनवाला थोडा, मुलगा पुष्कळ. “आये, सातबाऱ्यावर बांध वेगळा लावतात का? टेन्शन नको घेऊ, भाजी मी आणून देतो.”

संध्याकाळी खरंच आणली. बाजारातली जून भेंडी. मी चिरली, केली, सगळे जेवले.

त्या हंगामात मी कात्रपला गेले नाही. गुडघ्याला लावायला बाम हवा होता, तो सुनेकडे मागितला. ती म्हणाली, “ह्यांना सांगते.” त्यानंतर मी बाम मागितला नाही.

या वर्षी ड्रोनवाला आला तेव्हा मी आधीच बांधावर जाऊन बसले. शेतात माणूस असलं की ते यंत्र उडवत नाहीत.

“मावशी, उठा की.”

“रेघ आत घे, मग उठते.”

“नुसती आत घेऊन भागत नाय. वाऱ्यानं औषध उडतंय. बांध वाचवायचा तर आत रुंद पट्टा सोडावा लागंल.”

“सोड.”

मुलगा म्हणाला, “आणि त्या पट्ट्यातलं तण कोण काढणार?”

“मी.”

“या वयात?”

“तुझ्या वयाचं कुणी येणार असेल तर सांग.”

तो ड्रोनवाल्याकडे वळून म्हणाला, “सोड बाबा थोडं. म्हातारीचा हट्ट आहे.”

जे माझंच होतं ते मला असं भीक घातल्यासारखं मिळालं. मी घेतलं. मान बघत बसले असते तर तूर याही वर्षी जळली असती.

आता तूर कमरेला लागली आहे. पट्टा मी एकटी बेणते, बसून, सरकत सरकत. रविवारी पाहुणे आले की मुलगा त्यांना बांधावर नेतो. “आयेला हौस आहे,” असं सांगतो. पाहुणे कौतुक करतात आणि जाताना भेंडी मागतात. मी देत नाही. सांगते, कात्रपला या, तिथे मिळेल.