दिवेआगरला सांगितलेलं आडनाव

बदलापूरच्या आमच्या फ्लॅटला ऊन येत नाही. घेतला तेव्हा समोर मोकळा प्लॉट होता आणि बिल्डरने गॅलरीत उभं करून आम्हाला डोंगर दाखवला होता. आता तिथे सात मजली बिल्डिंग आहे. सकाळी साडेनऊ ते दहा एवढा अर्धा तास स्वयंपाकघराच्या खिडकीतून उन्हाची एक पट्टी ओट्यावर पडते, आणि आई तेवढा वेळ त्या पट्टीत हात धरून उभी राहते. गेल्या थंडीत तिचे गुडघे फार धरले. तेव्हा एकदाच म्हणाली, "मला कुठंतरी उन्हात नेऊन बसवा गं." आईने स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. मी त्याच दिवशी जाहीर करून टाकलं, फेब्रुवारीत तीन दिवस समुद्रावर जायचं.

घरात आम्ही तिघंच. बाबा अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीतून ऑपरेटर म्हणून रिटायर झाले. मी लग्न केलं नाही. उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनमध्ये एका जीन्सच्या कारखान्यात ऑर्डरी बघते आणि घरात हुकूम सोडते, असं बाबा म्हणतात. अंबरनाथच्या चाळीत होतो तेव्हा आईने वीसेक वर्षं जीन्सचे धागे कापले. शिवून झालेल्या पँटींचे गठ्ठे घरी यायचे, त्यांचे लोंबते दोरे मांडी घालून, जमिनीवर बसून कात्रीने कापायचे. तिची बोटं कायम निळी असायची. गुडघे त्या गठ्ठ्यांनीच खाल्ले असं माझं मत आहे, पण ती मानत नाही.

आमच्या घरात समुद्र म्हणजे सहा डिसेंबर. पांढरे कपडे, भाकरी-ठेच्याचा डबा आणि दादरला चैत्यभूमीची रांग. समुद्र तिथे शेजारीच असतो, पण आपलं तोंड स्तूपाकडे आणि पाठ पाण्याकडे. समुद्रावर लोक मजा करायलाही जातात हे माहीत होतं, पण ते दुसरे लोक. त्यामुळे मी समुद्र म्हटल्याबरोबर आईने कपाटातून तिघांचे पांढरे कपडे काढले आणि इस्त्रीला टाकले. मी म्हटलं, "आई, फिरायला चाललोय." ती म्हणाली, "मग? समुद्राला काय रंगीत नेसून जायचं?" मी वाद घातला नाही, कारण वाद घालायला दुसरा मोठा विषय होता.

तो म्हणजे दिवेआगर की श्रीवर्धन. दोन्ही गावं एकाच किनाऱ्यावर, मधे पाऊण तासाचा रस्ता. आईला दिवेआगर हवं होतं. खालच्या मजल्यावरची बाई तिथे जाऊन आली होती. सुपारीच्या वाडीत कुणाच्या तरी घरीच राहायचं, घरची बाई केळीच्या पानावर वाढते, उकडीचे मोदक करते, आग्रह करते. हे आग्रहाचं आईच्या मनात बसलं. "चाळीस वर्षं मी वाढते," ती म्हणाली, "एकदा मला कुणीतरी वाढू दे की."

बाबांचं मत श्रीवर्धन. तिथे साधं हॉटेल घेऊ म्हणाले. का, ते सांगेनात. मोबाइलवर व्हिडिओ बघत बसायचे आणि विचारलं की म्हणायचे, "तिकडं बरं आहे." आमचे शेठ सिंधी, त्यांना मी हे सांगितलं तर म्हणाले, "बेटा, समुंदर तो दोनों जगह खारा ही है." त्यांचा काहीच उपयोग झाला नाही.

बाबांचं कारण मला न सांगता कळलं आहे, अशी माझी खात्री होती. मी बारा-तेरा वर्षांची असताना त्यांनी एक गोष्ट सांगितली होती. कंपनीतल्या एका दोस्ताच्या गावी ते लग्नाला गेले होते. पंगत बसली, वाढप सुरू झालं आणि दोस्ताच्या चुलत्याने सहज विचारलं, "पाव्हण्यांचं आडनाव काय?" बाबांनी सांगितलं. मग आतून कुणीतरी आलं, त्यांचं ताट उचललं आणि दुसरं आणून ठेवलं. बाकीची पंगत जेवत राहिली. बाबाही जेवून उठले. ही गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली, पण माझ्या डोक्यातून ती गेली नाही. हॉटेलात ताटं सगळ्यांची सारखीच असतात. कुणाच्या घरी मात्र आडनाव विचारणारच, आणि आमचं आडनाव ऐकलं की ज्यांना कळायचं त्यांना कळतं.

म्हणजे एकीकडे आईचा आग्रह आणि दुसरीकडे बाबांचं ताट. मी दोन्ही सांभाळायचं ठरवलं. एवढी हुशार मी आहेच.

कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मशिनी थांबतात, तेव्हा मी दिवेआगरला फोन लावला. बाईंचा आवाज चांगला होता. तीन माणसं, दोन रात्री, शाकाहारी चालेल का, सगळं बोलून झालं आणि त्या म्हणाल्या, "आणि आडनाव काय आपलं?" माझ्या शेजारच्या टेबलावर बसते त्या मुलीचं आडनाव असं आहे की ऐकून कुणीही पुढचा प्रश्न विचारणार नाही. मी ते सांगितलं. विचार करायला क्षणभरही लागला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. घरी सांगितलं, दिवेआगर पक्कं झालं. आई खूश झाली. बाबा म्हणाले, "ठीक आहे, तिला आवडतंय ना," आणि मोबाइल बंद केला.

माझ्या जुन्या गाडीतून आम्ही पहाटे निघालो. माणगावला चहा झाला, म्हसळ्याच्या पुढे आईने भाकरीचा डबा उघडला. पांढऱ्या शर्टावर ठेचा सांडू नये म्हणून बाबांनी गळ्याला रुमाल बांधला होता. मी गाणी लावली. सगळं छान चाललं होतं आणि वाडीच्या फाटकाशी गाडी थांबेपर्यंत माझ्या मनात पालसुद्धा चुकचुकली नाही.

बाई फाटकापर्यंत आल्या. माझ्याच वयाच्या, हाताला पीठ लागलेलं. हसून बाबांना म्हणाल्या, "या, या," आणि पुढे काका लावून ते आडनाव घेतलं.

बाबांनी मागे वळून पाहिलं, आणखी कुणी आलंय का ते. मग माझ्याकडे पाहिलं. मी डिकीतून बॅगा काढायला लागले.

त्यांनी एक बॅग उचलली आणि आत गेले. पण त्या दुपारी माझे जे हाल झाले ते मीच ओढवून घेतलेले होते. बाई बाबांना त्या नावाने हाक मारायच्या आणि बाबा ओ द्यायचे नाहीत. मुद्दाम नव्हे. जे नाव आपलं नाही त्याला माणूस ओ कसा देणार? "काका, कोकम सरबत घेणार?" काही नाही. पुन्हा नाव घेऊन, जरा मोठ्याने. काही नाही. शेवटी त्या आईजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "काकांना कमी ऐकू येतं का हो?" आईला कशाचाच पत्ता नव्हता. ती म्हणाली, "नाही ओ, टाचणी पडली तरी ऐकतात." पण बाईंना ते पटलं नसावं, कारण जेवताना त्या बाबांशी ओरडूनच बोलत होत्या. "भात! वाढू का! भात!"

आई मात्र सुखात होती. खाली पाटावर बसायच्या ऐवजी तिला टेबलावर पान मांडून दिलं होतं. बाई वाढत होत्या, ती नको म्हणत होती, बाई आणखी वाढत होत्या, आणि आई माझ्याकडे बघून लहान मुलीसारखी हसत होती. बाबा खाली मान घालून जेवले. मी नुसती भातात आमटी कालवत राहिले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

ऊन उतरल्यावर किनाऱ्यावर गेलो. सुरूच्या झाडांतून बाहेर आलं की नुसती वाळू, लांबच लांब. लोक हाफ पँटीत पळत होते, मधून आम्ही तिघं पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. आई वीस पावलं चालली. वाळूत पाय रुतायला लागला आणि गुडघ्याने दगा दिला. बसवावं तर पुन्हा उठवायचं कसं? ती बाबांच्या खांद्याला धरून उभी राहिली, पाण्याकडे लांबूनच पाहिलं आणि म्हणाली, "झालं माझं बघून. छान आहे." आम्ही तिला गाडीत नेऊन बसवलं.

बाबा आणि मी गाडीबाहेर उभे होतो. ते म्हणाले, "म्हणून म्हणत होतो श्रीवर्धन. तिकडं किनाऱ्याला पक्का बांध घातलाय, बसायला बाकं आहेत. गाडी पार जवळ जाते. व्हिडिओत सगळं बघून ठेवलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तिच्या गुडघ्याचं काढलं असतं तर ती म्हणाली असती, मग कुठंच नको. तुला माहीत नाही का ती?"

मला आई माहीत होती. बाबा माहीत आहेत असं वाटत होतं. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "ते नाव कुणाचं आहे?"

मी सगळं सांगितलं. शेजारच्या टेबलावरची मुलगी, बाईंचा प्रश्न, आणि ते जुनं लग्नातलं ताट. तुमच्यासाठीच केलं, असंही म्हणाले. ते ऐकून घेत होते. रागावले असते तर बरं झालं असतं.

"त्या लग्नात चुलत्याने विचारलं," ते म्हणाले, "तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. खोटं सांगता आलं असतं. शेजारी बसलेल्या दुसऱ्या एका दोस्ताचंच सांगितलं असतं तर तेच ताट राहिलं असतं." मग म्हणाले, "नाही सांगितलं. ती गोष्ट मी तुला त्यासाठी सांगितली होती."

मी तिथे रस्त्याच्या कडेला रडले. इतकी वर्षं मी त्या गोष्टीत फक्त ताट लक्षात ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई रजिस्टर घेऊन आल्या. काल गडबडीत राहिलं म्हणाल्या, आधार कार्ड द्या. मी पर्स उघडायच्या आत बाबांनी स्वतःचं कार्ड पुढे केलं. "ताई, एक चूक झालीय. मुलीने फोनवर आडनाव भलतंच सांगितलं. आमचं हे आहे." आणि त्यांनी आमचं आडनाव मोठ्याने, एकेक अक्षर सावकाश सांगितलं, कंपनीच्या गेटवर सांगायचे तसं. आई हातात चहाचा कप धरून तशीच राहिली.

बाईंनी कार्ड पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. रजिस्टरमधलं नाव खोडून वर नवीन लिहिलं. मग एकदम कपाळावर हात मारला. "अहो, म्हणून काका ओ देत नव्हते होय! आणि मी मेली काल दिवसभर ओरडतेय." त्या हसल्या, बाबा हसले. त्या आत गेल्या.

आत गेल्या तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या भांड्यांचे आवाज ऐकत बसले. त्यांनी आडनाव रजिस्टरसाठी विचारलं होतं की आणखी कशासाठी, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही माहीत नाही. नाश्त्याला घावन आलं. ताटं काल रात्री जेवायला होती तीच वाटत होती. मी एकेक ताट निरखून बघत होते, कडेवर कालचा पोचा आहे का, तोच आहे का. बाबांनी ताटाकडे बघितलंसुद्धा नाही. खाल्लं आणि म्हणाले, "ताई, अजून एक चालेल."

मग मी गाडी काढली आणि आम्ही श्रीवर्धनला गेलो, दुपारपर्यंत परत येऊ असं सांगून. बाबांनी व्हिडिओत बघितलं होतं तसंच होतं सगळं, बांध, बाकं, जवळ जाणारी गाडी. आईला बाकावर बसवलं. अकराचं ऊन तिच्या पांढऱ्या साडीवर, हातांवर, पायांवर पडलं होतं. तिने चपला काढल्या आणि गुडघे उन्हात सरळ केले. मग ती म्हणाली, "एवढ्या वर्षांत आपण याच्याकडं कधी तोंड करून बसलोच नाही." बाबांनी मान हलवली.

थोड्या वेळाने बाबांचा फोन वाजला. रजिस्टरमध्ये त्यांनी स्वतःचा नंबर लिहिला होता. त्यांनी फोन कानाला लावला आणि घरी उचलतात तसाच, खणखणीत आवाजात आधी स्वतःचं आडनाव सांगितलं आणि पलीकडचा आवाज ओळखून म्हणाले, "जयभीम, बोला ताई." शेजारच्या बाकावरचं एक कुटुंब वळून बघायला लागलं. मी कान टवकारले. पलीकडचं काही ऐकू येईना, लाटांचा आवाज फार होता. बाबा हो, हो म्हणाले आणि फोन खिशात ठेवला.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"मोदक किती करू विचारत होत्या. एकवीस सांगितले."

"आणखी काही?"

"आणखी काय?" बाबा म्हणाले. मग आईच्या चपला उन्हातून उचलून बाकाखाली सावलीत ठेवल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढच्या वेळी बुकिंगचा फोन मी करीन."