दार ओढून घ्यायची सवय

अकोल्याचं ऊन मी जन्मापासून खाल्लं आहे. पुण्या-मुंबईचं कोणी 'अगं बाई, तुमच्याकडे किती ऊन' असं म्हणालं की माझं डोकं फिरतं. ऊन आहे तर आहे. त्याच्यात कसं राहायचं ते आम्हाला लहानपणीच शिकवलेलं असतं. दुपारी कूलर लावायचा, त्यात पाणी संपू द्यायचं नाही, आणि बाहेर पाय ठेवलाच तर दार पाठीमागे ओढून घ्यायचं, म्हणजे झळ घरात शिरत नाही. हे दाराचं म्हणजे आबांचा, माझ्या वडिलांचा कायदा. आम्ही दार उघडं टाकून खेळायला पळालो की ते अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडायचे, "दार कोन ओढन वं, तुयी आत्या?"

आबांचा आवाज मोठाच. जन्म गेला कापसाच्या जिनिंगमध्ये. मशिनी धडधडत असताना बोलायचं तर ओरडावंच लागतं, आणि ती सवय घरीही आली. आई गेल्यावर ते अकोल्यातल्या जुन्या दोन खोल्यांत एकटेच राहायचे. माझं सासर दोन गल्ल्या सोडून. सकाळी ते दारापुढच्या ओट्यावर बसून समोरच्या म्हाताऱ्याला चहासाठी हाक मारायचे, ती माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायची. आबा उठले, बरे आहेत, हे मला त्यातूनच कळायचं. मग मी निवांत पोळ्या लाटायची.

दादाचं, माझ्या थोरल्या भावाचं, म्हणणं होतं की आबांनी आता अमरावतीला त्याच्याकडे कायमचं यावं. आबा ऐकत नव्हते. मग दादाने त्या उन्हाळ्यात बेत काढला. सगळ्यांनीच सुट्टीला या, आठ दिवस माझ्याकडे राहा, शेवटी चिखलदऱ्याला जाऊन येऊ. त्या आठ दिवसांत आबांना घर आवडलं तर विषय काढायचा. मला हे सांगून ठेवलं होतं. मला ते पटलं होतं, आणि आपल्याला पटलं याचाच मला राग येत होता. आबांना मात्र लेकरा-नातवंडांत चार दिवस राहायचं एवढंच माहीत होतं.

दादाची कॉलनी शहराच्या टोकाला, जंगलाच्या बाजूला. दोन्हीकडे गुलमोहर, सावलीचे रस्ते, आणि शांतता इतकी की सायकलची चेनसुद्धा ऐकू यावी. संध्याकाळी मोर ओरडायचे. माझी दोन्ही पोट्टी झोपाळ्यावरून उतरायला तयार नसायची. मला स्वतःलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. फक्त मागचं अंगण मला आवडलं नाही. तिथला कडुलिंब पानं पाडतो म्हणून दादाने तोडला होता आणि सगळीकडे फरशी घातली होती. बिबट्या येतो म्हणून भिंती उंच, आणि बाजूच्या बोळाला लोखंडी दार, त्याला कायम कुलूप.

आबा पहिल्याच दिवशी फिरून आले आणि फाटकातूनच त्यांनी हाक मारली, "आहे का घरात कोनी?" वहिनी धावत गेली. तिसऱ्या दिवशी तिने हळूच सांगितलं, "आबा, इथं बेल वाजवत जा. दुपारी सगळे झोपतात, हाका मारल्या की लोक विचारतात." ती वाईट नाही. तिला त्या लोकांमध्ये राहायचं होतं. आबा मान हलवून 'हाव' म्हणाले. त्यानंतर जेवतानाही ते हळू बोलायला लागले, वरण मागायचं तर वाटीकडे बोट दाखवायचे. मला ते बघवेना. मी दादाला म्हटलं, "तू बापाले म्यूटवर टाकून ठेवलं बरोबर." तो म्हणाला, "होते सवय हळूहळू." मला वाटतं त्याचंही काही चुकत नव्हतं.

पाचव्या दुपारी जेवणं झाली आणि सगळे आडवे झालो. तीन खोल्या, तीन कूलर. ज्याने हे कूलर ऐकलेत त्याला सांगायला नको. पत्र्याचा मोठा कूलर चालू असला की शेजारी झोपलेला माणूस घोरलेला कळत नाही. आबा नातवांच्या खोलीत होते. तिथला कूलर खिडकीला बाहेरून, मागच्या अंगणात लावलेला. त्याचं पाणी संपलं असणार, गरम हवा यायला लागली असणार. अकोल्याला दुपारी कूलर भरणं हे आबांचंच काम. ते कोणाला उठवतीलच कशाला? ते स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात गेले, आणि झळ पोरांपर्यंत जाऊ नये म्हणून त्यांनी दार ओढून घेतलं.

अकोल्याच्या दाराला कडी आहे. दादाच्या दाराला ओढलं की आपोआप लागणारं कुलूप होतं, आतूनच उघडणारं. ते आबांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगायचं आमच्या डोक्यातच आलं नाही.

वहिनी चहा टाकायला उठली तेव्हा नळाला पाणी नव्हतं. गच्चीवरची टाकी सकाळीच भरली होती. तिने मला उठवलं. पाइप कुठे सुटला का ते पाहायला मी मागचं दार उघडलं. फरशी भाजत होती आणि पाण्याचा ओघळ वाळत आला होता. पाइप अजून कूलरमध्ये खोचलेला होता. आबा कूलरच्या स्टँडला टेकून बसले होते, तेवढीच काय ती सावली होती. डोळे उघडे, पण मी दिसत नव्हते त्यांना. अंगाला हात लावला तर चटका बसला, आणि घामाचा टिपूस नव्हता. मी ओरडले. वहिनी दारात उभी होती तिला ते ऐकू गेलं, आतल्या कोणाला गेलं नाही. तिला आत जाऊन एकेक कूलर बंद करावा लागला, तेव्हा कुठे दादा उठला.

आबा वाचले. दवाखान्यात बरेच दिवस काढले, शुद्ध यायची-जायची. दादा व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून रडला. मला त्याच्याजवळ जावंसं वाटलं नाही, आणि मग गेले. आबा नीट बोलायला लागल्यावर मी न राहवून विचारलं, "आबा, हाक काऊन नाही मारली जी?"

"मारली न. आदी हळूच मारली," ते म्हणाले. "लोकं झोपले होते. मंग जोरानं मारली."

वहिनी तिथंच संत्रं सोलत होती. तिचे हात थांबले.

डॉक्टर म्हणाले, पायातली ताकद गेली आहे, आता यांना एकटं ठेवू नका. म्हणजे जो विषय काढायचा की नाही हे ठरायचं होतं, तो काढावाच लागला नाही. माझ्या घरी खाली खोली नाही, वरचा मजला त्यांना चढवत नाही. आबा दादाकडे राहिले. समोरचा म्हातारा अजून मला गल्लीत अडवून विचारतो, "कवा येऊन राहिला वं तुया बाप?" मी काहीतरी सांगते आणि पुढे जाते. खोल्यांना कुलूप आहे. पोळ्या मी हल्ली रेडिओ लावून लाटते.

दिवाळीला भाऊबीजेसाठी गेले. दादाने मागच्या दाराचं ते कुलूप काढून साधी कडी लावली आहे, फरशी फोडून नवीन कडुलिंबही लावला आहे, माझ्या गुडघ्याएवढा. आबांच्या गादीपाशी बेलचं बटण बसवलं आहे. ते दाबलं की घरभर वाजतं. वहिनी म्हणाली, एकदाही दाबत नाहीत.

दुपारी मी शेजारच्या खोलीत फराळाचे डबे भरत होते. पंखासुद्धा बंद, घर अगदी शांत. काहीतरी घासत असल्यासारखं वाटलं म्हणून जाऊन पाहिलं. आबा गादीवरून खाली उतरून बसत-सरकत पाण्याच्या तांब्याकडे चालले होते. ओठ कोरडे पडले होते. मी तांब्या दिला, ते घटाघट प्यायले. मला रागच आला.

"आबा, मी इथंच तं होती. बटन आहे, मी आहे. एक हाक मारली असती तं?"

त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला आणि तोंड पुसलं. आवाजात राग नव्हता. समजूत काढावी तसे ते म्हणाले,

"त्या दिशी मारून पायली न माय."