मनचं पाकीट

नवी नवरी होती तेव्हा चांगुणा खामगावच्या डाळमिलीत लागली. आता तिची रेणुका बारावी होऊन नर्सिंगला निघाली, तरी ती तिथंच होती. डाळीतले खडे वेचता वेचता चष्मा लागला, कंबर धरली, पण काम सोडायचं नाव नाही. त्याचं कारण मालकीण होती, पुष्पाबाई.

पुष्पाबाईची एक रीत होती. पगाराच्या दिवशी ती एकेका बाईला हापिसात बोलवायची, दार लोटून घ्यायची आणि पगार दोन पाकिटांत घालायची. एक घरचं, एक मनचं. घरचं पाकीट नवऱ्याच्या हाती द्यायचं आणि पगार तेवढाच म्हणून सांगायचं. मनचं पाकीट पुष्पाबाईच्या कपाटात राहायचं, ज्या बाईचं असेल, तिला ती मागेल तेव्हा मिळायचं. साऱ्या बायांच्या घरी पगार कमीच ठाऊक होता, आणि एकीनंही कधी दुसरीचं बिंग फोडलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, चांगुणाचा नवरा दारुडा असेल. छे हो! पुंजाजी सोन्यासारखा माणूस. मार्केट यार्डात हमाली करायचा, बायकोवर कधी आवाज चढवला नाही. पण हात सैल, इतका सैल की विचारू नका! कोणी तोंड वेंगाडलं की याचा खिसा रिकामा. त्याचा मोताळ्याचा भाऊ तर महिन्याआड दारात हजर. असल्या घरात लेकीच्या शिक्षणाचा पैसा टिकतो होय? म्हणून रेणुकाची फी चांगुणा मनच्या पाकिटात साठवत होती.

पुढं मिल वाढली, बाया दुपटीनं वाढल्या. हजेरी, ओव्हरटाइम, प्रॉव्हिडंट फंड, सारं पुष्पाबाई एकटीच पाहायची. फंडाचा भरणा चुकला, दंड बसला. मुलगा गजेंद्र मागं लागला, "आई, आता हे आपल्याच्यानं होत नाही. अकोल्याच्या एजन्सीले देऊन टाक पगाराचं काम." पोरगा खोटं बोलत नव्हता. मालकीणच हजेऱ्या जोडत बसली, तर डाळ कोण विकणार?

तरी पुष्पाबाईनं आधी चांगुणाला विचारलं. जुनी बाई, साऱ्याजणी तिचं ऐकायच्या.

"चांगुणे, देऊ का वं हे काम बाहेर?"

"द्या न बाई, तुमचाही जीव सुटंल. पण मनचं पाकीट?"

"मी हाय न! घरचं तेवढं बँकेत जाईन, तुमचं मनचं माह्यापाशीच राहीन."

झालं! चांगुणानं तो शब्द पदरात बांधला आणि घरोघर फिरली. म्हातारपणी फंड मिळेल, आजारपणात दवाखाना मिळेल, बाईनं शब्द दिलाय, असं सांगून एकेकीला तयार केलं. सरस्वतीबाई म्हणून एक खमकी बाई होती, ती काही केल्या ऐकेना. तिची तर चांगुणानं दोनदा मनधरणी केली. एजन्सी पगार बँकेत टाकणार होती, त्या खात्याच्या फॉर्मवर मोबाइल नंबर हवा होता. स्वतःचा फोन कुणाजवळ होता? साऱ्यांनी नवऱ्यांचे नंबर दिले, चांगुणानंही. बँकेची कार्डंही घरी गेली ती नवऱ्यांच्या खिशात.

पहिला पगार झाला त्या संध्याकाळी चांगुणा घरी आली, तर पुंजाजी फोन हातात घेऊन ओट्यावर बसलेला. फोनवर दोन मेसेज होते. एकात आख्खा पगार. दुसऱ्यात कपाटातली सारी रक्कम, तीही खात्यात जमा.

"एवढा पगार हाय तुहा? मंग इतकी वर्षं मले काय सांगत होती?"

"रेणुकाच्या फीसाठी ठेवत होती."

"मले काऊन नाही सांगतलं? मी काय दुश्मन हाओ तिचा?"

"सांगतलं असतं तं राह्यले असते का?"

पुंजाजीनं मान खाली घातली. दुपारीच भावाचा फोन आला होता, घराचा स्लॅब अडला म्हणून. यानं ती दुसरी रक्कम काढून देऊनही टाकली होती. "मले वाटलं बोनस आला," तो म्हणाला आणि रडायलाच लागला. चांगुणाला संताप आला, पण पुंजाजी कसा आहे हे तिला लग्नापासून माहीत होतं. शब्द त्यानं दिला नव्हता.

सकाळी ती थेट हापिसात घुसली. "बाई, मनचंही खात्यात जानार, हे तुमाले ठाऊक होतं?"

पुष्पाबाईनं उठून दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "एजन्सीवाला बोलला होता. बायांचे पैसे कपाटात ठेवता येत नाही म्हणे, खात्यातच टाका. गजेंद्र म्हणे, हे सांगतलं तं एकही बाई सही करनार नाही."

"अन् मी त्यायच्या सह्या घेत फिरून राह्यली होती, तवा तुमी नुसत्या पाहून राह्यल्या होत्या?"

चूक झाली असती, तर चांगुणानं पोटात घातली असती. पण हा केसानं गळा कापला होता, आणि तोही तिच्याच हातून, बाकीच्या बायांचा! घरोघर भांडणं पेटली होती. दोघींना मार बसला. मिलीत चांगुणाशेजारी कोणी बसेना. या बाईचा आता एक पैसाही फुकट घ्यायचा नाही, अशी तिनं मनाशी शपथ घेतली.

नर्सिंगची फी भरायची मुदत संपायला आली. पुंजाजी भावाकडं दोन चकरा मारून हात हलवत परत आला. अशातच एका दुपारी पुष्पाबाई निवडणीच्या शेडमध्ये आली आणि साऱ्यांसमोर चेक पुढं केला. "हा घे चांगुणे, रेणुकाची फी. वापस करू नोको."

सगळ्यांचे हात थांबले. चेक फाडून तोंडावर फेकावा, असं चांगुणाला फार वाटलं.

"अन् बाकीच्यायचं काय?" तिनं विचारलं.

"साऱ्यायले कुठून देऊ वं मी?"

उद्याचा एकच दिवस उरला होता. नाही म्हटलं, तर रेणुका घरी बसणार होती. चांगुणानं हात पदराला पुसले आणि चेक घेतला.

"पाह्यलं?" सरस्वतीबाई मोठ्यानं म्हणाली. "म्हून घरोघर फिरत होती हे!"

चांगुणानं बोलायला तोंड उघडलं, पण चेक साऱ्यांच्या डोळ्यांदेखत तिच्या हातात होता.