कायतानची शिट्टी आणि तम्मण्णाचा माग

सत्तेचाळीस साली गोरे लोक बेळगावचा लष्करी कॅम्प सोडून गेले. त्याआधीची नऊ वर्षं त्यांच्या क्लबातला रविवार जवळच्याच वडगावच्या एका कोष्ट्याच्या पायांवर नाचत होता. साहेब त्याला टॉमी म्हणत. गल्लीत तो तम्मण्णाच राहिला, आणि तेच बरं झालं.

तम्मण्णाचे वडील जोतिबा, घरातले आप्पा, खड्ड्याच्या मागावर लुगडी विणत. अकराव्या वर्षी तम्मण्णाही खड्ड्यात पाय सोडून दुसऱ्या मागावर बसला. माग चालवणं बघणाऱ्याला सोपं वाटतं. खाली दोन्ही पाय आळीपाळीने पावड्या दाबतात, उजवा हात दोरी ओढून आडव्या सुताचा धोटा पळवतो, डावा फणी ठोकून ते सूत घट्ट बसवतो. चारी जणांची कामं वेगळी, पण ठेका एकच. आणि धागा तुटला की सगळं जागच्या जागी थांबवायचं, हा पहिला धडा. तो विसरलेल्याच्या पाठीत आप्पांचा धपाटा बसे.

एके सकाळी खिडकीबाहेरून शिट्टी ऐकू आली. मागाच्या ठेक्यात अशी चपखल बसलेली, की तम्मण्णाला आपला माग पहिल्यांदाच गोड वाटला. बाहेर डोक्यावर पावाची टोपली घेऊन त्याच्याच वयाचा एक पोरगा उभा होता. कॅम्पातल्या गोवेकर पाववाल्याचा कायतान.

"थांबू नको रं," तो म्हणाला. "चाल आत्ताच सुचलीया."

नेमका तेव्हाच धागा तुटला. माग थांबला, शिट्टी अर्ध्यात अडकली आणि कायतान खरोखरच रुसला. अशी त्यांची दोस्ती भांडणाने सुरू झाली. अशा दोस्त्या टिकतात.

त्या काळी पाव खाल्ला की माणूस बाटला अशी समजूत होती. तम्मण्णाने कायतानच्या भट्टीमागे बसून गरमागरम दोन पाव हाणले. आई सत्यवतीला वास आला. तिने त्याच्या तोंडात तुळशीचं पान कोंबलं आणि आप्पांना काही सांगितलं नाही. आई असावी तर अशी.

कायतान एका म्हाताऱ्या बँडवाल्याकडे कॉर्नेट, म्हणजे कळा दाबून वाजवायची छोटी पितळी तुतारी, शिकला. क्लबातल्या ग्रामोफोनवर जॅझ लागलं की दोघं कुंपणाला कान लावत. विसाव्या वर्षी कायतानने चौघांचा बँड उभा केला. त्यातला ड्रमवाला गोव्याला गेला तो परत आलाच नाही. कायतानने तम्मण्णाला त्या जागी बसवलं. पायाखाली मोठा ढोल वाजवायची पावडी, हाताखाली छोटे ड्रम आणि झांज. तम्मण्णाला कुणी काही शिकवावंच लागलं नाही. हातपाय आपापल्या कामाला लागले.

खोड एकच. कॉर्नेटचा सूर जरा घसरला की तम्मण्णाचे हात थांबायचे. धागा तुटला ना!

"आरं, मी चुकलो तरी तू चालू," कायतान कपाळावर हात मारून म्हणे. "मी मेलो तरी तू चालू."

अडतीस साली क्लबाने त्यांना एक दुपार दिली. नाताळाच्या आधीचा रविवार, चार वाजता. बँड आवडला तर दर रविवार त्यांचा, नाहीतर रस्ता मोकळा. पण घरी आप्पा आडवे आले.

"सुताच्या घरात चामडं बडवायचं? गल्ली काय म्हणंल?"

"गल्ली काय बी म्हणूदे, आप्पा. मला ह्येच करायचंय."

तम्मण्णा आजवर वडिलांना उलटून बोलला नव्हता. आप्पांनी हातातला धोटा बाजूला ठेवला. म्हणाले, "एक दुपार जा. फजिती झाली तर त्या ढोलाचं नाव परत काढायचं न्हाय."

दोन गाणी झकास झाली. साहेब-मडमा नाचू लागल्या. तेवढ्यात तम्मण्णाची नजर व्हरांड्याकडे गेली. लुगड्यांचं गाठोडं खांद्यावर टाकून, जणू विकायला आल्यासारखे, आप्पा तिथे उभे होते. तिसऱ्या गाण्यात कॉर्नेटची कळ अडकली. फुस्स झालं. व्हायोलिनवाला थबकला, पियानोवाला थबकला. तम्मण्णाचे हातही वर उचललेले तसेच राहू पाहत होते, आणि व्हरांड्यातून आप्पा बघत होते.

पण पाय थांबले नाहीत. पाय पडला तसा हात पडला. सूर नव्हता, सोबत नव्हती, मग तम्मण्णाने जवळ होतं ते काढलं. ड्रमवर धोटा पळाला, झांजेवर फणी ठोकली गेली. वडगावची सकाळ त्या गुळगुळीत फरशीवर घुमू लागली, आणि थबकलेल्या जोड्या पुन्हा नाचू लागल्या. कायतान कळीवर थुंकला, अंगठ्याने ती ढिली केली आणि कॉर्नेट तोंडाला लावलं. पण त्याने अर्धवट राहिलेलं गाणं धरलं नाही. त्याने खिडकीबाहेरची ती शिट्टी धरली, नऊ वर्षांपूर्वी धागा तुटून अर्ध्यात राहिलेली, आणि या खेपेला ती शेवटापर्यंत वाजवली. टाळ्या थांबेनात. तम्मण्णा हसत होता आणि डोळे पुसत होता. रविवार त्यांचा झाला.

घरी जायला बापलेक बरोबरच निघाले.

"मधी धागा तुटलाता न्हवं?" वडगाव जवळ आल्यावर आप्पांनी विचारलं.

"व्हय, आप्पा."

"आन् तू थांबला न्हाईस."

"न्हाय."

दुसऱ्या दिवशी शेजारचा परशराम दारात येऊन बसला. "जोतीअण्णा, पोरगं चामडं बडवतंय म्हणं?"

"ढोल त्यांचा आसंल," आप्पा सुतावरची नजर न काढता म्हणाले. "वाजीवला त्यो माझा माग."

पुढच्या रविवारी तीन वाजून गेले तरी तम्मण्णा मागावरच बसला होता. जायचं कसं विचारावं हे त्याला सुचत नव्हतं. आप्पा उठले. त्याच्या हातातली दोरी काढून घेतली, त्याला खड्ड्यातून बाहेर काढलं आणि स्वतः त्याच्या जागी बसले.

"जा," ते म्हणाले. "कायतान वाट बघत आसंल."